जिभेचा शिलेदार

पराक्रमाच्या जुन्या गोष्टींत बहुधा चार-पाच जणांची एक मंडळी असते. त्यात एक बलवान असतो, एक नेमबाज असतो, एक शहाणासुरता म्हातारा असतो. आणि एक असा असतो की ज्याच्या अंगात फारसं बळ नाही, ज्याच्या घराण्याला नाव नाही, पण जो कुठेही गेला तरी अर्ध्या घटकेत तिथलाच होऊन जातो. पहारेकऱ्याशी तो पहारेकऱ्याच्या भाषेत बोलतो, स्वयंपाकघरातल्या बाईला मावशी म्हणतो, राजाला हसवतो आणि निघताना किल्ल्याच्या किल्ल्या घेऊन निघतो. गोष्ट संपते तेव्हा सिंहासनावर बलवान बसतो. पण ऐकणारी मुलं घरी जाताना नक्कल करतात ती या बोलक्या गड्याची.

आज या गड्याविषयी बोलायचं आहे. गोष्टींच्या दुनियेत त्याला अनेक नावं आहेत. मी ज्याला लहानपणापासून ओळखतो तो अमर अय्यार. ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ या अफाट कथेतला हमजाचा जिवलग. उर्दूत त्याचं नाव लिहिताना शेवटी एक ‘वाव’ लिहितात. तो उच्चारायचा नसतो. ‘उमर’ या दुसऱ्या नावाशी गल्लत होऊ नये म्हणून तो असतो, एवढंच. पण आमच्या घरातल्या बायकांनी तो वाव बिनधास्त उच्चारला आणि त्याचा ‘उमरू’ करून टाकला. नानी दख्खनीत गोष्ट सांगायची. हमजाच्या लढाया चालू असेपर्यंत आम्ही पेंगत असू. ‘इतने में आया उमरू’ म्हटलं की उठून बसत असू.

मोठेपणी मात्र एक प्रश्न मनात राहिला. लोकांना आपलंसं करण्याची ही कला गुणांत धरायची की लबाडीत? गोड बोलणाऱ्याविषयी आपल्याला एकाच वेळी प्रेमही वाटतं आणि धास्तीही. ही दोन टोकं या कथेने कशी सांभाळली आहेत, ते पाहण्यासारखं आहे.

आधी शब्द पाहू. ‘अय्यार’ हा अरबी शब्द. त्यात भटक्याचा अर्थ आहे, तसाच उनाडाचाही. नवव्या शतकात बगदादमध्ये आणि इराणच्या पूर्वेकडच्या सिस्तान प्रांतात अय्यारांच्या टोळ्या होत्या. काही इतिहासकार त्यांना सरळ गुंड म्हणतात. पण ८१२-१३ साली बगदादला वेढा पडला तेव्हा शहरासाठी लढणाऱ्यांत हेच अय्यार पुढे होते. सिस्तानातल्या अय्यारांपैकी याकूब बिन लैस हा मूळचा तांबट. ८६१ साली तो त्या प्रांताचा धनी झाला आणि पुढे खलिफाच्या सैन्याशी भिडला. म्हणजे अय्यार कल्पनेतून जन्मला नाही. शहराच्या गल्लीतून, कारागिरांच्या वस्तीतून तो गोष्टीत आला. बाराव्या शतकात लिहून काढलेली ‘समक-ए-अय्यार’ नावाची फार्सी कथा आहे, तिच्यात या लोकांची रीत दिसते. दिलेला शब्द पाळायचा, दुसऱ्याचं गुपित जपायचं, खाल्ल्या मिठाला जागायचं. रूप रोज बदललं तरी चालेल, पण मीठ बदलायचं नाही.

आता अमरकडे येऊ. खरे हजरत हमजा हे पैगंबरसाहेबांचे काका. इ. स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत ते शहीद झाले. दास्तानीतल्या हमजाचा इतिहासाशी संबंध नावापुरताच. तो इराणच्या बादशहा नौशेरवानच्या पदरी जातो, देवांशी आणि राक्षसांशी लढतो, पऱ्यांच्या मुलखात राहून येतो. कथा सुरू होते ती तीन मुलांच्या जन्मापासून. नौशेरवानचा शहाणा वजीर बुजुर्जमेहर मक्केत येतो. मोठा भाग्यवान मुलगा इथे जन्मणार, हे त्याने ताऱ्यांवरून ताडलेलं असतं. नवजात मुलांना बक्षीस मिळणार, ही बातमी गावभर होते. सरदाराच्या घरी हमजा जन्मतो. त्यांच्या गुलामाच्या घरी मुकबिल जन्मतो. हा पुढे नामी तिरंदाज होतो. आणि एका उंटवाल्याच्या घरी काय होतं? बायकोचे दिवस भरलेले नसतात, पण बक्षिसाच्या लोभाने तो तिला लाथ मारतो. आई जाते, पोर जगतं. तो अमर.

वजीर या पोराला हातात घेतो तेव्हा त्याच्या बोटातली अंगठी नाहीशी होते. शोधाशोध होते. ती सापडते पोराच्या तोंडात. लहानपणी या प्रसंगावर आम्ही खूप हसायचो. आता वाटतं, ज्याचा जन्मच बापाच्या हिशेबातून झाला, त्याने जगात आल्याबरोबर काहीतरी मुठीत धरलं, यात नवल ते काय? हमजाला वारशात तलवार मिळेल, मुकबिलला मालकाचा आसरा मिळेल. अमरला जे मिळवायचं ते दुसऱ्याचं मन वळवूनच मिळवायला हवं. ही आर्जवी जीभ त्याची चैन नव्हती. पोट त्याच जिभेवर होतं.

पुढे त्याला पैगंबरांकडून देणग्या मिळतात. कधीही न भरणारी झोळी, ती जंबील. पांघरलं की माणूस दिसेनासा होतो असं एक घोंगडं. वाऱ्यासारखे पाय. आणि दाऊद पैगंबरांच्या कृपेने गाता गळा. एक वर तर असा की स्वतः तीनदा मरण मागितल्याशिवाय त्याला मरण नाही. पण गोष्ट नीट ऐकली तर लक्षात येतं, त्याची खरी विद्या या देणग्यांच्या आधीची आहे. वेष कोणीही बदलील. अमर माणूस बदलतो. वैद्य बनून तो जादूगारांच्या किल्ल्यात शिरतो तेव्हा वैद्याचा अंगरखा घालून भागत नाही. वैद्याची घाई, वैद्याचा तोरा, रोग्याला दटावण्याची वैद्याची लकब, हे सगळं त्याच्यापाशी हवं. सरनद्वीपच्या अवाढव्य लंधौर राजाला हमजा कुस्तीत जिंकतो. पण त्याआधी अमर गवई बनून त्याच्या दरबारात बसून आलेला असतो. गाण्याने राजा विरघळतो आणि दरबार लुटला जातो. हमजाला शत्रूचं बळ कळतं. शत्रूला कशाची भूक आहे, हे अमरला कळतं.

आम्ही कवी मंडळी गावोगावच्या कविसंमेलनांना जातो तेव्हा मला याची आठवण होते. गाडीत पाच-सहा जण असतात. एकाची कविता थोर असते, एकाचा आवाज थोर असतो. पण रात्री अकराला जेवण मिळतं, मुक्कामाच्या खोलीत गाद्या येतात आणि संयोजक पाकीट द्यायला विसरत नाहीत, ते कोणामुळे? मंडळीत एक जण असतो, ज्याने संयोजकाच्या मुलीच्या दहावीच्या निकालाची चौकशी केलेली असते. त्याची कविता आम्हाला सहसा आठवत नाही. त्याच्यावाचून प्रवास मात्र होत नाही.

असा माणूस खरा कळतो तो पुढारी जवळ नसताना. दास्तानीतला मला सगळ्यात मोठा वाटणारा भाग तोच आहे. हमजाचं बादशहाच्या मुलीवर, मेहरनिगारवर प्रेम असतं. पण ऐन वेळी पऱ्यांच्या बादशहाला मदत हवी म्हणून तो काफ पर्वतावर जातो. अठरा दिवसांत येतो म्हणून गेलेला माणूस अठरा वर्षं अडकून पडतो. तिकडे त्याचं परीशी लग्नसुद्धा होतं. इकडे मेहरनिगार, तिच्या मागावर तिच्याच बापाच्या फौजा आणि नायक नसलेलं एक सैन्य. अठरा वर्षं हे सगळं कोण सांभाळतं? उंटवाल्याचा पोर. तलवारीने जिंकता येत नाही म्हणून तो युक्तीने एकेक किल्ला मिळवतो, दाणागोटा संपला की पुढच्या किल्ल्याकडे सरकतो. सरदार रुसतात, त्यांची समजूत घालतो. शिपाई कंटाळतात, त्यांना हसवतो, धमकावतो, कंजूस हाताने का होईना, खाऊ घालतो. आणि एका स्त्रीला दर वर्षी नव्याने सांगत राहतो की तो येईल, नक्की येईल. त्याला स्वतःला तरी याची खात्री होती का? पण त्याने आवाजात ते येऊ दिलं नाही. मोहक बोलण्याचं याहून अवघड काम मला दुसरं दिसत नाही.

आता धास्तीची बाजू. अमर साधुसंत नाही. तो लोभी आहे, झोळीत काय वाटेल ते कोंबतो, मित्रांकडूनही पैसे उकळतो. गुंगीचं औषध पाजून पडलेल्या शत्रूची तो दाढी भादरतो. कधी गळाही कापतो. समोरचा धर्माने परका किंवा जादूगार आहे, एवढं कारण गोष्टीला पुरतं. आजच्या वाचकाला हे खटकतं आणि खटकायलाच हवं. मग याला लबाड का म्हणू नये?

याचं उत्तर कथेनेच देऊन ठेवलं आहे. तिने एक नाही, तीन गोड जिभा शेजारी शेजारी उभ्या केल्या आहेत. एक बुजुर्जमेहरची. ती खरं बोलते, पण दरबारात बसून, जपून बोलते. दुसरी बख्तकची. नौशेरवानचा हा दुसरा वजीर बादशहाच्या कानाशी लागणारा. हमजाला लंधौरवर पाठवा, मरेल तिथे, असे सल्ले देणारा. बख्तकचं बोलणं अमरइतकंच मोहक आहे, नाहीतर एवढा मोठा बादशहा त्याच्या नादी का लागेल? तिसरी जीभ अमरची. फरक शब्दांत नाही. बख्तक गोड बोलतो तेव्हा मान दुसऱ्याची अडकते. अमर गोड बोलत शत्रूच्या तंबूत शिरतो तेव्हा पकडला गेला तर मान त्याची जाणार असते. गोड बोलणारा भेटला की मी मनात एवढंच विचारतो, याच्या बोलण्याची जोखीम कोण उचलतंय? बरंचसं कळून येतं.

आपल्याकडच्या जुन्या वाङ्मयातही याचे भाऊबंद आहेत. कामसूत्रात नागरकाच्या सोबत्यांची यादी आहे, पीठमर्द, विट आणि विदूषक. हे लोक नागरक आणि गणिका यांच्यातले मंत्री, भांडण आणि तह ही त्यांची कामं, असं तिथे म्हटलं आहे. यातला विट आपण ‘मृच्छकटिका’त पाहतो. शकाराचा हा सोबती रसिक, बोलण्यात तरबेज, पण पैसा गेल्यामुळे दुसऱ्याच्या पदरी राहिलेला. मालक कितीही मूर्ख असला तरी तो त्याला सांभाळून घेतो. मात्र वसंतसेनेला ठार कर म्हटल्यावर हा मिठ्ठास माणूस नाही म्हणतो. शेवटी तो शकाराला सोडून बंडखोरांकडे जातो. सिस्तानचे अय्यार मिठाला जागले. या विटाने मिठालाही मर्यादा असते, हे दाखवलं.

आणि आपल्या तमाशातली गवळण आठवा. कृष्ण देव असला तरी गवळणींशी हुज्जत कोण घालतो? पेंद्या. देवाला जे बोलता येत नाही ते बोलायला पेंद्या लागतो. मावशी त्याला शिव्या घालते, गवळणी हसतात आणि मथुरेची वाट मोकळी होते.

दास्तान सांगणाऱ्यांनाही अमरचं मोल ठाऊक होतं. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या अब्दुन्नबी कझवीनी याने किस्सा सांगणाऱ्यांसाठी मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात किस्स्याची चार अंगं मानली आहेत; युद्ध, मैफल, प्रेम आणि अय्यारी. म्हणजे एक संपूर्ण चौथाई या गड्याची. त्याआधी अकबराने याच कथेची चित्रं काढवून घेतली. साधारण १५६२ ते १५७७ या काळात मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली कापडावर सुमारे १४०० मोठी चित्रं तयार झाली. त्यांतली आज दोनशेही उरलेली नाहीत. साठ व्हिएन्नात आहेत. लंडनच्या संग्रहातली बरीचशी १८८१ मध्ये श्रीनगरला मिळाली. एका दुकानाच्या खिडक्यांतून थंडी येऊ नये म्हणून त्यांतली काही तिथे लावली होती. बादशहाच्या हमजाने अखेर थंडी अडवली!

पुढे ही कथा उर्दूत आली. १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी खलील अली खाँ ‘अश्क’ यांनी ती लिहिली. १८८३ पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ती छापायला घेतली आणि खंडांमागून खंड निघत ते ४६ वर गेले. मुन्शी नवलकिशोर हिंदू, लिहिणारे मुस्लिम, वाचणारे दोन्ही. कागदावर कथा अशी फुगत असताना ती तोंडाने सांगणारे मात्र कमी होत गेले. दिल्लीचे मीर बाकर अली हे जुन्या परंपरेतले शेवटचे नामवंत दास्तानगो. अखेरच्या दिवसांत त्यांच्यावर सुपारी विकण्याची वेळ आली. १९२८ मध्ये ते गेले. अमरसारखाच हाही जिभेवर जगणारा माणूस. पण त्याच्यापाशी जंबील नव्हती. २००५ मध्ये शम्सुर्रहमान फारुकींच्या प्रेरणेने महमूद फारुकी यांनी दिल्लीत दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आणली, तेव्हा मधे जवळजवळ ऐंशी वर्षं गेली होती.

देवकीनंदन खत्रींनी १८८८ मध्ये ‘चंद्रकांता’ लिहिली आणि अय्यार हिंदीत गेला. नव्वदीच्या दशकात ती दूरदर्शनवर आली तेव्हा आपल्याकडच्या घराघरांत ‘ऐयार’ हा शब्द पोचला. खत्रींनी प्रस्तावनेत एक फार मोलाची गोष्ट सांगितली आहे. दोन राज्यांत लढाई पेटली की हे ऐयार आपल्या चतुराईने, रक्त न सांडता, ती मिटवत असत, असं ते म्हणतात. दास्तानीतला अमर रक्त सांडायला कचरत नाही. खत्रींना मात्र त्याच्यातली वेगळी शक्यता दिसली. ज्याला दोन्ही छावण्यांत जाता येतं, त्याला लढाई थांबवताही येते.

ही शक्यता गोष्टीपुरती नाही. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली सोसल्या. त्यानंतर १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांसोबत नियमित बसू लागली, एकमेकांना नावाने ओळखू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यात या समित्यांचा वाटा मोठा मानला जातो. अफवा उठते तेव्हा पलीकडच्या गल्लीत जाऊन चहा पिऊन येणारा माणूस लागतो. त्याला तिकडची भाषा यावी लागते, तिकडच्या म्हाताऱ्यांना काय म्हणून हाक मारायची, ते माहीत असावं लागतं. आणि रात्री त्याला एकट्याने परत यावं लागतं.

अशा माणसावर दोन्हीकडून संशय घेतला जातो, हेही खरं. मी मराठीत कविता लिहितो. एका मैफलीत मला विचारतात, ‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?’ दुसऱ्या मैफलीत विचारतात, ‘मियाँ, अपनी जबान में क्यों नहीं लिखते?’ दोन्ही प्रश्न प्रेमाने येतात आणि दोन्ही प्रश्नांत मला दारातच उभं केलेलं असतं. पूर्वी मी उत्तरं द्यायचो. आता तिथे असेन त्या भाषेत एखादा किस्सा सांगतो. लोक हसतात, सरकून जागा देतात.

आपल्या प्रत्येक वस्तीत असा एखादा गडी असतो. तो कोणत्याच पक्षाचा पुढारी नसतो. मयताला तो हजर असतो, लग्नाला हजर असतो आणि कोणत्या घराचं कोणाशी का बिनसलंय, हे त्याला माहीत असतं. आपण त्याला बोलघेवडा म्हणून हसतो, कधी दुतोंडी म्हणून टाळतो. त्याचं बोलणं एकदा नीट ऐका आणि त्या बोलण्याची किंमत कोण मोजतंय, तेवढं पाहा. तो स्वतः मोजत असेल, तर त्याला सिंहासन नको असतं. आपल्या ओट्यावर बसायला जागा आणि कपभर चहा, एवढं त्याला पुष्कळ होईल.